अमेरिका संपली म्हणे!

सकाळी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "अमेरिका संपली. आता आपला नंबर." खाली तिरंगे, सिंह, अंगठे. टाकणारा आमचा चुलतभाऊ. पोराच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी नागपूरच्या तेलंगखेडीच्या हनुमानाला नवस बोललेला! तिथे तोंड उघडलं की "तू नेहमी उलटाच" हे ठरलेलं. म्हणून इथे लिहितो, इथे तरी आपली माणसं आहेत.

1966 साली आमची आजी नागपूरच्या महाल भागात रेशनच्या रांगेत उभी राहून अमेरिकेचा लाल गहू आणायची. पीएल-480 या त्यांच्या अन्नमदत कायद्याखाली आलेला. पोळ्या चिवट व्हायच्या, आजोबा शिव्या घालत खायचे. दिल्लीनं व्हिएतनामवरून चार शब्द सुनावले की तिकडे त्यांचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेब गव्हाची जहाजं रेंगाळत ठेवायचे. म्हणजे ते दान काही निर्मळ नव्हतं, मान्य. पण गहू यायचा. आणि त्याच रांगेतल्या आजीला वाटायचं, आपल्या पोरानं शिकायला अमेरिकेला जावं. ताकद म्हणतात ती ही!

आता काय देतात? यूएसएड, म्हणजे परदेशी मदत वाटणारी त्यांची संस्था, 2025 मध्ये गुंडाळली. देशादेशांतल्या व्यापारी तंट्यांवर अपील ऐकणारं जागतिक व्यापार संघटनेचं मंडळ 2019 पासून ठप्प, कारण हेच नेमणुका होऊ देत नाहीत. नाटो या लष्करी आघाडीतल्या स्वतःच्याच दोस्ताला, डेन्मार्कला म्हणतात, ग्रीनलँड द्या. आपली पोरं बेड्या घालून लष्करी विमानानं अमृतसरला उतरवली. आजोबांनी निदान गहू खाऊन शिव्या घातल्या होत्या, इथे गहूही नाही. नुसती दमदाटी.

पण म्हणून संपली? काहून बाप्पा, बाजारात गेला होता का कधी? ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं, त्यातलं अर्धं रशियाचं तेल घेतो म्हणून. कापड गिरण्या ओरडल्या. मग दिल्लीनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग थेट 31 डिसेंबरपर्यंत. हिंगणघाट, काटोलकडे कापूस वेचून घरात येतो, नेमका तेव्हा! 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, आणि खासगी व्यापारी त्याच्या खाली बोलणार. सही वॉशिंग्टनात, मार वर्ध्यात. आजीच्या पिढीला रांगेत उभं केलं, शेतकऱ्याला आता रांगेतही जागा नाही.



जाऊ द्या. लिहिता लिहिता भावावरचा राग उतरला. त्याचा पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, मिहान या नागपूरच्या उद्योगनगरीत कामाला आहे, हुशार आहे. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेनं नव्या एच-1बी (नोकरीचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर लावले आणि कंपनीनं त्याला पाठवायचं लांबणीवर टाकलं. घरात तोच विषय. सिंहाचे फोटो असल्या धास्तीतूनच येत असतील.

पुतण्यानं आता धरमपेठेत जर्मनचा क्लास लावलाय. बापाला अजून सांगितलेलं नाही. फी मी भरली.