हॉररला फिअरच्या हिशेबात धरू नका

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक वाद सारखा निघतो. परवा सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना आमच्या इंदूरच्या कंपूतही तो निघाला. वॉरलॉकच्या (काळी जादू करणाऱ्याच्या) डेथ कॉइल या मंत्राने लागणारा हॉरर म्हणजे शेवटी त्याचा दुसरा मंत्र, फिअर, तोच ना? समोरचा घाबरून पळत सुटतो, आपलं काही चालत नाही. मग फिअरला जे नियम आहेत ते याला का नाहीत? माझा आतेभाऊ वॉरियर खेळतो आणि तो या बाबतीत फार तापलेला असतो. "भिया, पळतोय तो पळतोयच, नाव काही का असेना!" मला हे अजिबात पटत नाही. तिथे गर्दीत धड बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी फिअर. मूळ 2004 च्या खेळात आणि 2019 मध्ये परत आलेल्या क्लासिकमध्ये वॉरलॉकचा सगळ्यात वरच्या रँकचा फिअर वीस सेकंदांचा आहे. वीस सेकंद तुम्ही वाटेल त्या दिशेला धावत असता. एवढी मोठी शिक्षा सहन होते, कारण तिच्यावर उतारे खूप आहेत. शमनचा ट्रेमर टोटेम (जमिनीत रोवायचा जादूचा खांब) आहे, ड्वॉर्फ प्रीस्टचा फिअर वॉर्ड आहे, अनडेड वंशाची विल ऑफ द फोरसेकन ही करामत आहे, वॉरियरचा बर्सर्कर रेज आहे. मार बसला तर फिअर मध्येच तुटूही शकतो. शिवाय डीआर, म्हणजे डिमिनिशिंग रिटर्न्स: त्याच खेळाडूवर लागोपाठ फिअर टाकला की दुसऱ्यांदा निम्मा, तिसऱ्यांदा पाव, चौथ्यांदा लागतच नाही.

मी शमन खेळतो, त्यामुळे ट्रेमर टोटेमबद्दल थोडं जास्त लिहिणार. फिअर लागल्यावर शमनला टोटेम टाकता येत नाही. तो आधीच जमिनीत रोवलेला हवा. आणि क्लासिकमध्ये तो फक्त आपल्या पाच जणांच्या पार्टीलाच सोडवतो. मोल्टन कोअरच्या मोहिमेत चाळीस जण घेऊन मॅगमडार या फिअर टाकणाऱ्या राक्षसासमोर उभं राहायचं, तर कुठल्या पार्टीत कोणता शमन बसवायचा याचा विचार आधी करावा लागतो. ऑनिक्झिया या ड्रॅगनशी लढताना तिसऱ्या टप्प्यात तिची फिअर लावणारी डरकाळी आली आणि टोटेम नसला, तर माणसं बाजूच्या अंड्यांच्या खड्ड्यांत धावत जातात आणि पिल्लांचा लोंढा सगळ्यांवर घेऊन येतात. तेवढ्यात अख्खी रेड, म्हणजे सगळा संघ, मरते. म्हणून फिअर हा संघाचा प्रश्न आहे. कोणीतरी दुसऱ्यासाठी आधीच तयारी करून ठेवलेली असते, आणि मला या खेळात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे.

आता हॉरर. क्लासिकमधली डेथ कॉइल म्हणजे तीन सेकंद पळणं, थोडा मार, आणि तेवढंच रक्त वॉरलॉकला परत. कूलडाऊन, म्हणजे पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ, दोन मिनिटं. या तीन सेकंदांवर माझा टोटेम चालत नाही, फिअर वॉर्ड चालत नाही, अनडेडची करामतही चालत नाही. आतेभावाचा सगळा राग इथेच आहे. पण मुळात ती तीनच सेकंदांची आहे ती यामुळेच! जे मित्राला सोडवता येत नाही ते लांबलचक ठेवता येत नाही, आणि सारखं वापरूही देता येत नाही. उतारा नाही, म्हणून मात्रा लहान. हा हिशेब खेळ बनवणाऱ्यांनी फार विचारपूर्वक बसवला होता, असं मला मनापासून वाटतं. ज्या दिवशी कॉइल फिअरच्या यादीत जाईल, त्या दिवशी वॉरलॉक तीनऐवजी सहा-आठ सेकंद मागेल, आणि त्याचं म्हणणं रास्तच असेल.

आपल्याकडून खेळताना आणखी एक गोष्ट जाणवते. इंदूरहून युरोपच्या सर्व्हरवर खेळायचं म्हणजे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात. फिअर टाकायला वॉरलॉकला दीड सेकंद लागतो. तो मध्येच तोडायचा तर त्या वेळात तो दिसायला हवा, बटण दाबायला हवं आणि ते तिथपर्यंत पोहोचायला हवं. आपण तिथेच हरतो. कॉइल मात्र लगेच सुटते. ती टाकताना मध्येच तोडायची सोयच नाही, मग तुम्ही लंडनमध्ये बसा नाहीतर राजेंद्रनगरमध्ये. त्या एका चालीपुरते तरी सगळे सारखे असतात.

डंजनमध्येही फरक स्पष्ट दिसतो. तिथे फिअर टाकला की लोक ओरडतात, कारण पळालेला राक्षस शेजारच्या खोलीतल्या चौघांना घेऊन परत येतो. तीन सेकंदांत तो फार लांब जात नाही. हीलरवर कोणी तुटून पडलं असेल तर मी वॉरलॉकला सरळ सांगतो, कॉइल मार. त्या वेळी कोणी "पण हा फिअरच आहे" म्हणत नाही.

वॉरियरच्या इंटिमिडेटिंग शाउटमध्ये तर ज्याला लक्ष्य केलं तो जागीच थरथरतो आणि आजूबाजूचे पळतात. पळणं नसूनही तो फिअरच. म्हणजे बाहेरून काय दिसतं यावर फिअर की हॉरर हे ठरतच नाही. हे आतेभावाच्या स्वतःच्या क्लासमधलं उदाहरण आहे, त्याने विचार करावा.

खेळाच्या नव्या आवृत्तीत 2014 साली, वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर या विस्ताराच्या वेळी, डीआरचे गट (ज्यांचा डीआर एकत्र मोजतात अशा चालींचे) कमी केले. हॉररचा वेगळा गट राहिला नाही आणि मॉर्टल कॉइल (तिथली डेथ कॉइल) आज पॉलिमॉर्फच्या, म्हणजे मेजच्या शत्रूची मेंढी करणाऱ्या मंत्राच्या, गटात बसते. शिकायला सोपं झालं, कबूल. पण अरेनात (खेळाडूंच्या आपसातल्या लढतीत) वॉरलॉक आणि मेज एकत्र खेळताना एकाची कॉइल दुसऱ्याच्या मेंढीचा वेळ खाते, आणि दोघांनाही हात आखडून खेळावं लागतं. मला हे नुकसान वाटतं. क्लासिकमध्ये जुना हिशेब अजून शाबूत आहे. सोपेपणासाठी तिथेही हेच करा अशी मागणी कोणी केली, तर माझा तिला विरोध राहील, भले माझा टोटेम कॉइलपुढे कायमचा निरुपयोगी ठरो.