ड्युटी लिस्ट आधी लावा, व्याख्यान नंतर ठेवा

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या आठवड्यात बऱ्याच हॉस्पिटलांत रेसिडेंट डॉक्टरांसाठी, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकता शिकता वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलांसाठी, ताणमुक्तीचं व्याख्यान ठेवतात. वेळ दुपारी दोनची, हजेरी सक्तीची. समोर रात्रभर इमर्जन्सी केलेली पोरं बसलेली असतात आणि वक्ता सांगतो, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. डोळे मिटतात ते टाळ्यांनाच उघडतात. तेवढीच झोप होते, हाच त्या कार्यक्रमाचा खरा फायदा.

मी नाशिकमध्ये फिजिशियन आहे आणि माझी भाची इथल्याच एका कॉलेजात बालरोग विभागात सेकंड इयरला आहे. दोन्ही बाजूंनी बघून माझं मत पक्कं झालंय. शरदात या मुलांची तब्येत धड राहावी, ती माणसांत राहावीत असं वाटत असेल, तर उपदेश कमी करा आणि सणांची ड्युटी लिस्ट लवकर लावा.

शरदच का? ‘वैद्यानां शारदी माता’ असं जुनं सुभाषित आहे. पाऊस ओसरतो, ऑक्टोबर हीट सुरू होते, माणसं आजारी पडतात आणि वैद्याचं घर चालतं. माझ्यासारख्या प्रॅक्टिसवालीला ते आजही लागू आहे, खोटं कशाला बोला. रेसिडेंटला मात्र स्टायपेंड तेवढाच आणि वॉर्डात जमिनीवर गाद्या.

त्यात डेंगी. बाहेरच्या माणसाला वाटतं ताप उतरला की सुटलो. नातेवाईक लगेच डिस्चार्ज मागायला लागतात. पण डेंगीत खरी घालमेल तिथेच सुरू होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरत असताना, रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतं, पल्स प्रेशर (रक्तदाबाच्या वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर) आखडतं, लघवी कमी होते. नातेवाईकांचे डोळे प्लेटलेटच्या आकड्यावर, हातात पपईच्या पानांचा रस. इकडे रेसिडेंट दर थोड्या वेळाने प्रत्येक पलंगापाशी जाऊन पोराचे हातपाय गार पडलेत का ते चाचपतो. लहान मुलांत सलाइन वजनावर मोजून द्यायचं आणि त्याचा वेग सारखा बदलत राहायचा. कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर छातीत पाणी. अशी रात्र काढलेल्या मुलीला सकाळी ‘फोन का उचलला नाहीस’ हा प्रश्न विचारू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि नेमके याच दिवसांत वॉर्डात हात कमी असतात. रेसिडेंट व्हायची प्रवेश परीक्षा, नीट पीजी, २०२४ मध्ये ११ ऑगस्टला झाली, २०२५ मध्ये ३ ऑगस्टला. मग निकाल, मग कौन्सेलिंगच्या फेऱ्या. नवे जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, वॉर्डात उभे राहीपर्यंत दिवाळीचे कंदील उतरलेले असतात. २०२१ च्या बॅचचं तर कौन्सेलिंगच जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं. सॅम्पल काढण्यापासून डिस्चार्ज कार्डापर्यंतची जेआर वनची कामं तोवर सेकंड इयरच्याच गळ्यात.

कागदावर सगळं छान आहे. १९९२ च्या केंद्राच्या निर्देशांत सलग ड्युटी सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावी असं लिहिलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला २० दिवस किरकोळ रजा आहे. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती गटाने सांगितलं की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, आणि रोज सात-आठ तास झोप हवी. आठवड्याची सुट्टी सोडली तर ७४ तास म्हणजे रोज बारा तासांहून जास्त. तरी हा आकडा रेसिडेंटला सांगितला तर तो हसतो.

इथे माझे समवयस्क डॉक्टर म्हणतात, ‘आम्ही छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलो, आम्हाला काय झालं?’ काय झालं ते मोजायला कोणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं चालतं, हे प्रयोगांत दिसलंय. आपला कायदा ०.०३ टक्क्यांवर वाहनचालकाला पकडतो. म्हणजे पोस्ट-ड्यूटी पोरगा दुचाकी काढून नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीतून जातो, तेव्हा पोलिसाच्या नळीत काही दिसणार नाही, पण गाडी चालवायच्या अवस्थेत तो नसतो. रात्रपाळीनंतर त्याला रिक्षा करून द्या किंवा कोणीतरी घ्यायला जा. माझ्या मते हे कुठल्याही ध्यानापेक्षा जास्त कामाचं आहे.

आता ड्युटी लिस्टचं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नांदेडच्या पोराला तपोवन हवी असते, गोंदियाच्या पोरीला विदर्भ एक्स्प्रेस, आणि लिस्ट लागते वसुबारसेच्या तोंडावर. तोवर वेटिंगसुद्धा मिळत नाही. मग सुट्टी मिळूनही पोरं हॉस्टेलवर पडून राहतात. नाशिकच्या मुलांचं वेगळंच दुखणं. ‘तुझं घर तर इथेच आहे’ म्हणून लक्ष्मीपूजन त्यांच्याच माथी. भाचीचं घर कॉलेज रोडला, गेल्या वर्षी पूजेच्या वेळी ती एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. घर जवळ असलं म्हणून आरतीला पोचता येतं असं थोडंच आहे? गणपती बसायच्या आतच कोजागिरी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज वाटून टाका. गेल्या वर्षी ज्याने लक्ष्मीपूजनाला ड्युटी केली त्याला यंदा सोडा. याला ना निधी लागतो ना समिती. युनिट हेडने मनावर घ्यायला हवं.

घरच्यांनाही थोडं सांगायचंय. माझी बहीण रात्री आठला लेकीला फोन करते. आठ म्हणजे राउंडची वेळ. फोन कट होतो, मग मेसेज जातो, ‘आईसाठी दोन मिनिटंही नाहीत का गं?’ दोघी रुसतात आणि मध्ये मी. भाचीची रूममेट पिंपळगावकडची, घरी द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की त्या घरात कोणालाच उसंत नसते: फेलफूट (घड नसलेल्या फुटी) काढणी, डावणी रोगाच्या फवारण्या, परतीचा पाऊस आला की बापाची झोप उडालेली. ही पोरगी पहाटे प्री-राउंडला जाताना वडिलांना फोन लावते. ते तिकडे टाकीत औषध कालवत असतात, फोन खिशात स्पीकरवर. ‘किती पोरं आली काल?’ ‘बरीच. घड कसे निघालेत?’ ‘निघालेत बरे. पाऊस नको आता.’ एवढंच. लिफ्ट आली की फोन बंद. कोणी कोणाला जेवलास का विचारत नाही, रुसवा नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन. मी बहिणीला म्हटलं, आठची वेळ सोड, पहाटेची धर. ती म्हणाली पहाटे काय बोलायचं? काहीही बोल ना बाई.

रेसिडेंट आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जात नाही. केसपेपर काढणारा ओळखीचा, बाहेर बसलेल्या सिस्टर ओळखीच्या, आत बसलेला बॅचमेट. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनीही तो लावावा, त्यात कमीपणा काय? एरवी बडबड करणारा पोरगा ड्युटी सोपवण्यापुरतंच बोलायला लागला, मेसला येईनासा झाला, ‘सगळं सोडून द्यावंसं वाटतं’ म्हणायला लागला, तर सीनिअरने त्याला चहाला न्यावं आणि सरळ विचारावं, ‘जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का?’ विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदतीपर्यंत पोचवा.

एक किरकोळ गोष्ट. एडिस डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हॉस्टेलच्या गच्चीवरचे कूलर रिकामे करून घ्या. वॉर्डात दिवसभर डेंगी बघायचा आणि हॉस्टेलमध्ये तोच घ्यायचा, असं दरवर्षी कोणाचं तरी होतंच.

आणि ज्यांची कोणी मुलं, भाचे, पुतण्या ड्युटीवर असतील त्यांनी लक्ष्मीपूजनाला फराळ हॉस्पिटलात पोचवा. डबा मोठा द्या. तो ड्युटी रूममध्ये उघडतो आणि त्यात सिस्टर, वॉर्डातले मामा-मावशी, कधी कधी शेजारच्या पलंगावरच्या पोराची आजी, सगळ्यांचा वाटा असतो. चकली, कडबोळी जास्त घाला, लाडू बेताने. गोड तिथे आधीच खूप आलेलं असतं. अनारसे तर पाठवूच नका, ग्लोव्ह्ज काढून खाईपर्यंत चुरा होतो.