हात वर करायला सांगू नका, एक वर्ष द्या

सलाम.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मराठीवरून भांडण झालं. देवळाचं नाव लिहीत नाही. मध्य मुंबईतलं, गिरण्यांच्या काळात बाहेर पायऱ्यांपर्यंत भरणारं आणि आता रविवारी सकाळी चाळीसएक माणसांचं, एवढं सांगितलं की वाचणारे आपापलं देऊळ ओळखतील. तेच बरं, कारण हा प्रश्न एका देवळाचा नाहीच.

उपासनेनंतर सभा होती. विषय दोन. सकाळची मराठी उपासना बंद करून तिच्या जागी इंग्रजी-हिंदी मिश्र उपासना ठेवायची का, आणि आवारातलं जुनं पाळकनिवास व क्वार्टर्स विकासकाकडे द्यायचे का. तासभर आवाज चढत गेले. शेवटी कमिटीतल्या कोणीतरी म्हटलं, "हात वर करा, संपवून टाकू." एका बाजूला एकोणीस हात, दुसऱ्या बाजूला सतरा. मी सतरातली, मराठी उपासना राहावी म्हणणारी. त्याआधी मी उठून एका तरुण मुलाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुझ्या आजोबांना इंग्रजी येत होतं का रे?" त्याने काही उत्तर दिलं नाही. गिटारची पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेला. त्याच्या आजोबांनी माझ्या लग्नात प्रार्थना केली होती. ते वाक्य मला आजही टोचतं.

पाळकसाहेबांनी मोजलेले आकडे वहीत लिहू दिले नाहीत. म्हणाले, "दोन मतांनी मंडळी चालत नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून ख्रिस्तराजाच्या रविवारपर्यंत कोणताच निर्णय घ्यायचा नाही. एक पूर्ण वर्ष. प्रत्येक काळ आपल्याला काय विचारतो ते ऐकायचं." मला तेव्हा ही पळवाट वाटली. घरी येऊन मी तसं बोललेही.

ते वर्ष परवाच्या रविवारी, २३ नोव्हेंबरला संपलं. आणि आता मी अगदी मनापासून सांगते, मंडळीला आपलं पुढचं ठरवायचं असेल तर ते असंच ठरवावं. एका सभेत नाही, विकासकाच्या तारखेवर तर नाहीच.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी थोडं सांगते. आमचं उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधी चार रविवार आगमनकाळाचे असतात, तिथे ते सुरू होतं. वाट पाहण्याने वर्ष उघडतं. मग नाताळ, मग ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण, मग राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थान, चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस. आणि त्यानंतर जवळजवळ सहा महिने हिरव्या रंगाचा साधा काळ, ज्यात काही मोठं घडत नाही. तो ख्रिस्तराजाच्या रविवारी संपतो, तिथे वर्ष पुरं होतं.

आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियातले, म्हणजे सीएनआयचे. आमची ही एकत्रित मंडळी मुळात घाईतून जन्मलेलीच नाही. सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या नागपूरला एक झाल्या तो दिवस २९ नोव्हेंबर १९७०. त्या बोलण्यांची सुरुवात लखनौला १९२९ मध्ये झाली होती. एक्केचाळीस वर्षं! मधे देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, बोलणी सुरूच होती. आणि अगदी शेवटच्या घटकेला एका मोठ्या मेथडिस्ट मंडळीने पाऊल मागे घेतलं, तरी उरलेल्यांनी हात सोडला नाही. २९ नोव्हेंबर १९७० हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता हे मला याच वर्षी कळलं. इतकी वर्षं आम्ही सीएनआय, सीएनआय म्हणतोय, पण आपण वाट पाहण्याच्या दिवशी जन्मलोय हे आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

तर १ डिसेंबर २०२४ ला आम्ही स्टीलच्या ताटात चार मेणबत्त्या बसवल्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. माहीमहून आणलेल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा गोल बसलो. बोलण्याची पद्धत पाळकसाहेबांनी त्यांच्या एका कॅथलिक फादर मित्राकडून घेतली होती. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात जी सिनड, म्हणजे कॅथलिक मंडळीची विचारविनिमयाची परिषद, चालवली, तिच्यात हीच पद्धत वापरली गेली. पहिल्या फेरीत प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, मधे कोणी बोलायचं नाही, मान हलवून नापसंतीही दाखवायची नाही. मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचं पुढे रेटायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं तेवढंच सांगायचं. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत, आता आपल्याला मिळून काय ऐकू येतंय, ते.

दुसरी फेरी फार अवघड असते. पहिल्या संध्याकाळी मला दुसऱ्यांचं सांगण्यासारखं एकही वाक्य आठवेना. सगळे बोलत होते तेव्हा मी माझी तीन मिनिटं मनात घोकत होते. साठीला आलेली बाई मी, चाळीस वर्षं मंडळीत बोलते आहे, आणि ऐकलं किती, हे त्या दिवशी समोर आलं.

नाताळात विषय काढलाच नाही. कॅरल, करंज्या, लहान मुलांचं नाटक. ते तसंच असावं.

राखेचा बुधवार यंदा ५ मार्चला होता. मागल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लागली आणि प्रश्न आला, काय सोडायचं? मी तयारी करून गेले होते. इंग्रजीवाल्यांनी काय सोडावं याची. पण माझ्या वाट्याला आमचा बाक आला. खांबाजवळचा, पंख्याखालचा, बायकांच्या बाजूचा तिसरा. आई महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होती, रात्रपाळी करून थेट येऊन तिथे बसायची. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर आमच्या मंडळीतली कितीतरी घरं परळ-लालबाग सोडून कुठे कुठे गेली. त्या बाकावर कोणी नवीन माणूस बसलं की मी शेजारी जाऊन उभी राहायची, काही न बोलता. उठायचे बिचारे. त्यातले किती पुन्हा आले नाहीत, मला माहीत नाही. उपवासकाळाचे सहा रविवार मी शेवटच्या बाकावर बसले. तिथून पंखा दिसतो, पण वारा लागत नाही.

पुनरुत्थानाच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आम्ही प्रोटेस्टंट, तरी पुढच्या बैठकीत त्यांच्यासाठी उभे राहिलो. त्यांच्याच पद्धतीने तर बसत होतो.

मग पाऊस. यंदा मुंबईत तो २६ मे लाच आला, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतका लवकर आला नव्हता. स्वर्गारोहणाचा दिवस २९ मे. त्या आठवड्यात पाळकनिवासाच्या गॅलरीचा मोठा पोपडा खाली पडला. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. असल्या बाबतीत वाट पाहायची नसते. त्याच दिवशी गॅलरी बंद केली, दुसऱ्या दिवशी टेकू लागले, स्ट्रक्चरल ऑडिटचा माणूस आठवड्यात आला. तीस वर्षांवरच्या इमारतीला ते कायद्याने लागतंच, आमचंच राहून गेलं होतं. देवाचं मन ओळखायचं म्हणून माणसांना धोक्याखाली ठेवणं हा विश्वास नाही, निष्काळजीपणा आहे. जे थांबू शकतं आणि जे थांबू शकत नाही, यातला फरक आधी करावा लागतो. गळतं छप्पर थांबत नाही. आपण कोण आहोत, हा प्रश्न मात्र थांबू शकतो.

स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट यांच्यामधले ते दहा दिवस मला या वर्षात सगळ्यात जवळचे वाटले. प्रभू वर गेला आहे, आत्मा अजून आलेला नाही, शिष्य माडीवरच्या खोलीत बसून आहेत. त्याच दहा दिवसांत त्यांनी प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या रिकाम्या जागेसाठी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडलं. पाळकसाहेबांनी दाखवलं की पेंटेकॉस्टनंतर शिष्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं नव्या करारात कुठेही नाही. पुढे यरुशलेमेत परराष्ट्रीयांवरून, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवरून, मोठा वाद झाला तेव्हा ते बसले, वाद घातला, ऐकलं, गप्प राहिले, आणि मग लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं. आम्ही हे बोलत होतो तेव्हा वेदीच्या डाव्या अंगाला ठेवलेल्या बादलीत छताचं पाणी टपटपत होतं. शांततेच्या पाच मिनिटांत तेवढाच आवाज.

८ जूनला पेंटेकॉस्ट. वाचन चौघांनी वाचलं, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि जालन्याकडच्या एका आजींनी त्यांच्या बोलीत, न बघता. त्या दिवशी माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. इतकी वर्षं मला वाटायचं पेंटेकॉस्ट म्हणजे सगळ्यांना एक भाषा कळली. तसं नाहीच. शिष्य बोलले ते प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आलं. कोणाला स्वतःची भाषा टाकावी लागली नाही. मग मराठी की इंग्रजी, हा आमचा प्रश्नच चुकीच्या बाजूने मांडलेला होता. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या बंदरात उतरले, कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला टपलेलं होतं, आणि ते इथे राहून मराठी शिकायला बसले. परक्या माणसाने माझी भाषा शिकण्याचे कष्ट घेतले म्हणून शुभवर्तमान माझ्या घरापर्यंत आलं. मग मंडळीतल्या ज्या मुलांचं शिक्षण इंग्रजीत झालंय, त्यांच्या भाषेपर्यंत जाण्याचे कष्ट मी का घेऊ नयेत? आणि त्यांनी माझ्या भजनांपर्यंत येण्याचे?

मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईने चहा ठेवला. मी जे बोलायचं ते बोलले. तो म्हणाला, "आंटी, मला मराठी नको असं मी कधीच म्हटलं नाही. मला ती वाचता येत नाही." भजनाचं पुस्तक हातात धरून तो वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवत होता. आमच्या सभेत हे कोणी विचारलंच नव्हतं.

नंतरच्या हिरव्या काळात आम्ही दोघादोघांनी घरं गाठली. डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक, आणि आमचा रविवारच कामाचा. माटुंगा ते मुलुंडच्या पट्ट्यात किती तास काढले त्याचा हिशेब नाही. बदलापूरला एका तीन खोल्यांच्या घरात दार उघडलं तर आत सतरंजीवर अकरा कुटुंबं बसलेली. सहा वर्षांपासून दर रविवारी संध्याकाळी जमतात. पेटी, टाळ, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, आणि मुलांसाठी तीच भजनं रोमन लिपीत झेरॉक्स करून. यातली निम्मी आमच्या रजिस्टरमध्ये 'गैरहजर' म्हणून लाल शाईत होती. आम्ही मंडळी संपत चालली म्हणून रडत होतो आणि ती तिथे बसून गात होती. मी दारातच उभी राहिले. एका बाईने सरकून जागा केली आणि म्हणाली, "बसा ना."

काही जण अजूनही म्हणतात की वर्ष वाया गेलं, विकासकाचा भाव आता तोच राहणार नाही. राहणार नाही, खरं आहे. त्यांची काळजी खोटी नाही, डागडुजीला पैसा कुठून आणायचा हे त्यांनाच बघायचं आहे. पण न्यासाची जागा अशीही एका सभेत देता येत नाही, धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आणि समजा लागत नसती, तरी मी म्हटलं असतं थांबा. मागच्या ऑक्टोबरात एकोणीस विरुद्ध सतराने ठरलं असतं, तर बदलापूरचं ते घर आम्हाला दिसलंच नसतं. ते घर न बघता आम्ही आवाराचं भवितव्य ठरवलं असतं.

परवा ख्रिस्तराजाच्या रविवारी तिसरी फेरी झाली. मराठी उपासना राहते, महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांचा एकत्र, भजनं दोन लिप्यांत. बाकीच्यांपैकी काही रविवारी पाळकसाहेब आळीपाळीने बदलापूर आणि विरारला जातील, तेव्हा इथली उपासना तरुण मंडळी चालवतील, त्यांच्या भाषेत. पाळकनिवासाची आधी दुरुस्ती. जागेचं ठरलं नाही. त्यावर अजून एकमत नाही आणि कोणी हात वर करायला सांगितलं नाही.

येत्या रविवारी, ३० तारखेला, नवा आगमनकाळ सुरू होतोय. स्टीलचं ताट घासून ठेवलंय. यंदा ते बदलापूरला जाणार, म्हणून मेणबत्त्या वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत घेतल्यात. तो मुलगा माझ्यासोबत येणार आहे. गाडी ठाण्यापासून पुढे चालू असली तर साडेपाचपर्यंत पोचू.