प्लिमथ एका रात्रीत गाडलं गेलं नाही, आणि बेटही ओसाड पडलेलं नाही

कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात या ब्रिटनच्या ताब्यातल्या बेटावरची एक पोस्ट दर काही महिन्यांनी परत उगवते आणि तेवढ्याच जोमात फिरते. मजकूर साधारण असा, की 1997 मध्ये सेंट अँथनी पॅरिशमधलं (पॅरिश म्हणजे बेटाचा प्रशासकीय विभाग) प्लिमथ हे राजधानीचं शहर एका रात्रीत ज्वालामुखीने गाडलं, हजारो माणसं झोपेतच गेली, कोणालाच काही कल्पना नव्हती, जगप्रसिद्ध म्युझिक स्टुडिओही राखेत गेला, ब्रिटनने वाचलेल्यांना लगेच लंडनला नेऊन सांभाळलं, आज बेटावर चिटपाखरू नाही, आणि हे बेट मुळात आयरिश गुलामांनी वसवलेलं म्हणून तिथे सेंट पॅट्रिक्स डेची, म्हणजे 17 मार्चच्या आयरिश सणाची, सुट्टी असते. खाली राखेत बुडालेल्या इमारतींचा फोटो आणि 'कॅरिबियनचं पॉम्पेई' असं कॅप्शन. फोटो खरा आहे, शहराचं नाव खरं आहे, साल अर्धंमुर्धं खरं आहे, बाकीचा मजकूर एकेक करून बघू.

"एका रात्रीत गाडलं गेलं"

नाही. दोन वर्षं लागली, आणि खरी गोष्ट त्या दोन वर्षांतच आहे. सुफ्रिएर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला 18 जुलै 1995 ला. 21 ऑगस्टला भरदिवसा प्लिमथवर राखेचा एवढा लोट आला की शहरात काळोख झाला, मग लोकांना उत्तरेला हलवलं. सप्टेंबरमध्ये ते परत आले. डिसेंबरच्या सुरुवातीला परत हलवलं, नवीन वर्ष लागता लागता परत घरी. एप्रिल 1996 मध्ये तिसऱ्यांदा बाहेर काढलं आणि ते मात्र कायमचं. म्हणजे शहर जळालं आणि गाडलं गेलं ऑगस्ट 1997 च्या सुरुवातीला, तेव्हा तिथे राहणारं कोणी उरलंच नव्हतं, सव्वा वर्ष आधीच शहर रिकामं झालेलं. ज्वालामुखीने गाडलेल्या इटलीतल्या प्राचीन पॉम्पेईत माणसं सापडली, प्लिमथमध्ये सापडली ती कपाटं, फाइली, दुकानातला माल, कारण 'चार दिवसांत परत येऊ' म्हणून लोक एकेक पिशवी घेऊन निघाले होते.

आणि ऑगस्टमध्येही काम संपलं नाही. डोंगरावर साठलेली राख आणि दगडगोटे प्रत्येक मोठ्या पावसात चिखलाच्या लोंढ्यासारखे ओढ्यांतून खाली येत राहिले, वर्षानुवर्षं, त्यामुळे फोटोत ज्या इमारतींचा फक्त वरचा मजला दिसतो ना, तो एका स्फोटाचा परिणाम नाहीये, थरावर थर चढत गेलेत.

याचं कारण लाव्हाच्या जातीत आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून बनला तो पातळ बेसॉल्ट, लांबवर पसरत जाणारा. मॉन्टसेरातचा लाव्हा अँडेसाइट, घट्ट आणि चिकट, तो वाहतच नाही, तोंडाशीच घुमटासारखा साठत जातो, आणि घुमट फार उंच किंवा तिरका झाला की त्याचा एक भाग ढासळतो आणि शेकडो अंश तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोट ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने उतारावरून खाली सुटतो. त्यातून पळून सुटणं जवळपास अशक्य. घुमट ढासळला की नवा वाढायला लागतो, म्हणून हे प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. शेवटचं मोठं ढासळणं फेब्रुवारी 2010 मधलं.

"हजारो माणसं झोपेतच गेली"

प्लिमथची वस्तीच सुमारे 4 हजार होती, आणि वर सांगितलं तसं ते आधीच बाहेर. ज्वालामुखीने माणसं मारली ती 25 जून 1997 ला, दुपारी, आणि आकडा आहे 19. तोही प्लिमथमध्ये नाही, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, स्ट्रेथम, फॅरल्स वगैरे गावांच्या भागात, सेंट जॉर्जेस पॅरिशच्या बाजूला. लोट जुन्या विमानतळाच्या अगदी जवळ येऊन थांबला आणि तो विमानतळ त्या दिवशी बंद झाला तो कायमचाच.

आता ही 19 माणसं बंदी असलेल्या भागात काय करत होती? बरेच जण शेतावर गेलेले. 'सांगून ऐकत नाहीत' असं म्हणणं सोपं आहे, पण जरा विचार करा, निम्म्याहून जास्त बेटाला बंदी, माणसं उत्तरेला शाळांत, चर्चमध्ये, तंबूत दाटीवाटीने, एका संडासाला किती माणसं ते विचारू नका, आणि कसदार जमीन सगळी दक्षिणेत आणि पूर्वेत. उत्तरेत शेतीला जमीन दिलीच नाही नीट. मग माणूस गाजर-बटाटे काढायला आपल्याच शेतात जाणार, गुरं बघायला जाणार. नंतर जी चौकशी झाली त्यात ज्यूरीने काही मृत्यूंच्या बाबतीत ब्रिटिश सरकारच्या ढिलाईवर बोट ठेवलं, ते याच जमिनीच्या मुद्द्यावरून. 'हजारो' लिहिलं की हे सगळं गायब होतं. 19 जणांचं कारण शोधता येतं, कोणाला तरी जाब विचारता येतो, हजारोंचं खापर सरळ निसर्गावर फोडून मोकळं होता येतं. मला या पोस्टचा राग येतो तो इथे.

"कोणालाच कल्पना नव्हती"

होती की. बेटावर युरोपियन वस्ती झाल्यापासून उद्रेकाची लेखी नोंद नव्हती हे खरं, पण डोंगर काही मेलेला नव्हता. 1896-97, 1933-37, 1966-67, साधारण तीस-तीस वर्षांनी भूकंपांची मालिका यायची, आणि मग 1992 पासून परत जमीन हलायला लागली. त्याच्याही आधी, 1980 च्या दशकात, जेफ वॅज आणि मायकेल आयझॅक्स या दोघांनी या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा केला आणि त्यात प्लिमथला धोका आहे हे स्वच्छ दाखवलं. 1988 मध्ये तो अभ्यास शास्त्रीय नियतकालिकात छापूनही आला.

पुढचं वाचून डोक्याला हात लावाल. सप्टेंबर 1989 मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने बेटाची दाणादाण उडवली, बहुतेक घरांचं नुकसान झालं, म्हणजे सगळं नव्याने बांधायचं होतंच, शहर दुसरीकडे हलवायची याहून चांगली वेळ कधी मिळणार, पण नवं हॉस्पिटल आणि नवी सरकारी कचेरी परत प्लिमथमध्येच उभी राहिली. अहवाल होता, कोणी उघडून बघितला नाही. हे असं आपल्याकडेच होतं असं वाटत असेल तर गैरसमज दूर करून घ्या.

स्टुडिओ

बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 1979 मध्ये बेटावर एअर स्टुडिओज काढला, द पोलीस, डायर स्ट्रेट्स, एल्टन जॉन असे मोठमोठे लोक तिथे रेकॉर्डिंगला येऊन गेले. तो बंद पडला ह्यूगोमुळे, 1989 मध्ये, ज्वालामुखीच्या सहा वर्षं आधी. विषय संपला.

"आयरिश गुलामांनी वसवलं"

हा दावा फक्त या पोस्टमध्ये नाही, जगभर फिरतो, आणि मुद्दाम फिरवला जातो, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

कोलंबसने 1493 मध्ये जहाजावरूनच बेट पाहिलं, स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या मठावरून नाव ठेवलं आणि उतरला नाही. 1632 मध्ये शेजारच्या सेंट किट्स बेटावरून इंग्रजांच्या झेंड्याखाली वसाहत आली, त्यात आयरिश कॅथलिक भरपूर. 1678 च्या गणतीत आयरिश 1,869, इंग्रज 761, स्कॉटिश 52 आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन 992. म्हणजे आयरिश सगळ्यात जास्त होते हे बरोबर आणि त्यांचे हालही होते, बरेच जण कराराने बांधलेले मजूर, काही इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या काळात जबरदस्तीने पाठवलेले, कॅथलिक म्हणून हक्क कमी. पण करार ठराविक वर्षांचा. तो संपला की माणूस मोकळा, आणि त्याची पोरं जन्मतः कोणाच्या मालकीची नाहीत. आफ्रिकन गुलामाची मालकी आयुष्यभराची, गुलाम बाईच्या पोटातलं मूलसुद्धा मालकाचं. या दोन्हींना एकच शब्द वापरणं म्हणजे सरळसरळ खोटं आहे.

आणि त्याच आयरिशांमधले काही पुढे मळेवाले झाले. कॉर्कहून आलेला डेव्हिड गॉलवे हे ठळक उदाहरण, त्याच्या नावाचा उसाचा मळा प्लिमथच्या दक्षिणेला डोंगराच्या उतारावर होता, साखरेची भट्टी, पवनचक्की, सगळं गुलामांच्या घामावर. अठराव्या शतकात साखर वाढली तशी गुलामांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पट झाली. आजच्या मॉन्टसेरातच्या लोकांची आडनावं रायली, रायन, स्वीनी, फॅरल अशी आहेत, ती बरीचशी मालकाच्या नावावरून आलेली. किनसेल, कॉर्क हिल ही गावांची नावंही तशीच. दोन्ही गावं उद्रेकात रिकामी झाली.

सुट्टीचं तर पोस्टने पार उलटंच केलंय. 17 मार्च 1768 ला गुलामांनी उठाव ठरवला होता, तारीख मुद्दाम निवडलेली, कारण त्या दिवशी मालक मंडळी सण म्हणून दारू पिऊन झिंगलेली असणार. आतल्या नोकरांनी त्यांच्या तलवारी ताब्यात घ्यायच्या आणि बाहेरच्यांनी हल्ला करायचा असा बेत. तो फुटला, नऊ जणांना मारलं. 1985 पासून जी सुट्टी आहे ती या लोकांच्या आठवणीसाठी. हो, हिरवे कपडे, पासपोर्टवर त्रिदलाचा, म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेल्या तीन पानांचा शिक्का, पर्यटकांसाठी आयरिश थाट हे सगळं आहेच, लोक ते मजेत करतातही, मात्र जे मालक पीत बसले होते त्यांच्याविरुद्धच्या उठावाचा दिवस आहे हा, आणि आपण तो त्या मालकांच्या खात्यावर जमा करतोय.

"ब्रिटनने लगेच लंडनला नेलं"

लगेच वगैरे काही नाही. एप्रिल 1996 पासून ब्रिटनला जायची मुभा मिळाली ती आधी दोन वर्षांपुरती, कायम राहायची परवानगी 1998 मध्ये, पूर्ण नागरिकत्व 2002 मध्ये. मधल्या काळात, ऑगस्ट 1997 मध्ये, बेटाने जास्त मदत मागितली तेव्हा ब्रिटनच्या मदत खात्याच्या मंत्री क्लेअर शॉर्ट म्हणाल्या की उद्या हे सोन्याचे हत्ती मागतील. ते वाक्य मॉन्टसेरातचे लोक विसरलेले नाहीत आणि का विसरावं. बरेच जण आधी शेजारच्या अँटिग्वाला गेले. अमेरिकेने तर कमालच केली. 1997 मध्ये तात्पुरतं संरक्षण दिलं आणि 2005 मध्ये काढून घेतलं, कारण काय, तर ज्वालामुखी अजून बरीच वर्षं चालू राहील असं दिसतंय म्हणजे संकट आता 'तात्पुरतं' राहिलं नाही. धोका संपला नाही म्हणून आश्रय संपला.

"आज बेट ओसाड"

उद्रेकाआधी बेटावर साडेदहा हजारांच्या आसपास माणसं होती, आज साडेचार हजारांच्या आतबाहेर. कमी आहेत, पण आहेत, शाळा आहे, निवडणुका होतात, डिसेंबरात कार्निव्हल होतो. भूगोल मात्र उलटा झालाय. साडेतीनशे वर्षं लोक दक्षिणेला राहिले कारण तिथली माती ज्वालामुखीची, कसदार, आणि पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याच्या आडोशाला जहाजं नांगरता यायची, म्हणून सेंट अँथनी पॅरिशमध्ये राजधानी. उत्तरेचा सेंट पीटर पॅरिश म्हणजे तुलनेने कोरडा, लहान, मागे पडलेला भाग, तिथले सिल्व्हर हिल्स हे बेटावरचे सगळ्यात जुने डोंगर, ज्वालामुखी तिथे केव्हाच थंड झालेला. आज जवळपास सगळी वस्ती तिथे. कारभार ब्रेड्स गावातून चालतो, लिटल बे इथे नवं बंदर आणि शहर उभं करायचं चाललंय, 2005 मध्ये जेराल्ड्सला छोटा विमानतळ झाला. सेंट अँथनी आणि सेंट जॉर्जेसचा बहुतेक भाग बंदीखाली.

कायद्याने राजधानी अजून प्लिमथच आहे, माणूस नसलेली. आणि 'माणूस नसलेली' हेही पूर्ण खरं नाही, कारण दिवसा तिथे ट्रक फिरतात. डोंगरावरून आलेली राख आणि वाळू बांधकामाला उत्तम, ती उपसून शेजारच्या बेटांना विकतात, आणि बोटीत भरायला प्लिमथचाच धक्का वापरतात. पर्यटकांनाही गाइडबरोबर परवानगी काढून जाता येतं. गाइड सोबत वॉकीटॉकी ठेवतो आणि ज्वालामुखी वेधशाळेने निघा म्हटलं की फोटो अर्धवट टाकून निघायचं.