श्रावणातली गळती

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी फोंड्याला घरी पोचलो, गाडी बंद केली आणि नाकात गोड वास आला. शेजारच्या वहिनींनी पातोळ्या लावल्या, असं मी ठरवूनच टाकलं. पातोळ्या ज्यात वाफवतात त्या हळदीच्या पानाचा वास येत नव्हता, पण भुकेला माणूस एवढं कुठं बघतो! जेवताना दोनदा दाराकडे पाहिलं. सकाळी कळलं, वहिनी माहेरी. वास मात्र गाडीपाशी तसाच. बॉनेट उघडलं तर बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, खालच्या रेघेच्याही खाली दोन बोटं. त्यातलं ग्लायकॉल तापलं की असाच गोडसर वास सुटतो.

गाडी २००१ सालची. तिच्या वयाच्या पोरांची लग्नं व्हायला लागलीत.

गळती शोधायची म्हणजे खाली वाकायचं आणि हिरवा थेंब कुठं दिसतो ते बघायचं. पण गोव्यात, श्रावणात? अंगण हिरवं, गडग्याचे चिरे हिरवे, तुळशीचा पाया हिरवा, न्हाणीमागे विसरलेली माझी एक चप्पलही हिरवी. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या मुलखात मी एक थेंब शोधत होतो.

टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सारला. सकाळी त्यावर रुपयाएवढा डाग. बोट लावलं, चोळलं, हुंगलं. रंग नाही, वास नाही, बुळबुळीतपणा नाही. एसीचं पाणी! मग तपासाच्या सोयीसाठी आठ दिवस एसी बंद. पणजी ते फोंडा, बाहेर धो धो पाऊस, काचा वर, आत मी आणि बायको मोदकासारखे वाफवले जातोय. बाणस्तारीच्या पुलापर्यंत ती गप्प असायची. कुंडईच्या चढाला बोलायची.

तोवर सल्लागार जमले होतेच. एकानं रेडिएटरमध्ये हळद घालायला सांगितलं, जणू गाडीचा घसा बसला होता. दुसरा दहाव्याला आल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "हेड गॅस्केट गेली. सायलेन्सरातून पांढरा धूर येतोय बघ." पावसाळ्यात सकाळी कुठल्या गाडीतून पांढरी वाफ येत नाही? तरी पोटात गोळा आलाच. ऑइलचं झाकण उघडून पाहिलं. गॅस्केट जाऊन ऑइलमध्ये पाणी मिसळलं की आत लोण्यासारखा पांढरट चिकटा धरतो. नव्हता. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

बाबा हे सगळं सोप्यावरून बघत होते. त्यांचं आयुष्य मंगळुरी कौलांखाली गेलंय. म्हणाले, "पाणी पडतं तिथं गळत नसतं रे. कौल फुटतं वर, पाणी वाशावरून चालत येतं आणि बरोब्बर माझ्या उशीवर पडतं. थेंब कसला शोधतोस? वाट बघ."

वाट तर मी आठ दिवस बघतच होतो, पण दुसऱ्या अर्थानं.

बॅटरी घेऊन पुन्हा बॉनेटमध्ये शिरलो. आणि दिसली वाट! बेल्टच्या मागे, इंजिनाच्या कडेनं उतरलेली पांढरट-हिरवट खपली, भिंतीवरच्या ओलीसारखी. थेंब तापल्या लोखंडावर सुकत होता, उरलेला बेल्ट उडवत होता. खाली पडणार काय, कपाळ?

मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, गेलो. इंजिन निवेपर्यंत त्यानं रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. मग झाकणाच्या जागी हातपंप बसवून हवा भरली. झाकणावर ०.९ लिहिलेलं, तेवढाच दाब. काटा हळूहळू उतरायला लागला. वर पत्र्यावर पाऊस ताशा बडवतोय, मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर मेस्त म्हणाला, "ओगी राव." गप्प राहिलो. बेल्टच्या मागून बारीक सूं ऐकू आलं.

वॉटर पंप. त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर येतं, म्हणजे वर्दी मिळावी म्हणून भोक मुद्दाम ठेवलेलं. माझ्या गाडीत वेळेवर बोलणारं तेवढं एकच.

"नवीन पंप कधी?"

"फाल्यां जायत."

त्याचं फाल्यां, म्हणजे उद्या, चार दिवसांनी उजाडलं. पंप बसला, नवं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं पडलं. जुनं हिरवं पाणी मी जातीनं धुऊन काढलं, कारण ते चवीला गोड आणि मांजराला विष, आणि आमची मनी काहीही चाटते.

आठवड्याभरानं संध्याकाळी गाडी लावली आणि पुन्हा तोच गोड वास. छत्री टाकली, बॅटरी घेतली, चिखलात उताणा झालो. पंप कोरडा, पाइप कोरडे. वास मात्र वाढतच चाललेला.

"भावजी," गडग्यावरून वहिनींचा आवाज आला, "ताट कोणाकडे देऊ?"