"मावशी, मग यात आपण कुणाच्या बाजूने?"

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान, हजार वर्षांचं युद्ध. नकाशा, त्यावर हिरवे आणि निळे बाण, आणि शेवटी नेहमीचं "जागे व्हा". अकरावीतल्या भाच्याने त्याखाली विचारलं, "मावशी, मग यात आपण कुणाच्या बाजूने?"

ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझं आजोळ रेवदंड्याचं. साळावच्या पुलावर ओहोटीच्या वेळी उभं राहिलात तर कुंडलिकेच्या मुखाशी कोळ्यांनी डोल जाळ्यांसाठी रोवलेले खांब दिसतात. भरतीला बुडतात, ओहोटीला काळे ओले डोके वर काढतात. लहानपणी मी ते मोजत बसायचे. मार्च 1508 मध्ये याच खाडीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मैदा मेला. कैरोच्या ममलूक सुलतानाचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ याची गलबतं त्याच्यावर चालून आली होती. निसटून जाताना त्याचं जहाज अडकलं ते मासेमारीच्या खांबांत. तोफेच्या गोळ्याने पाय गेला, तरी डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत राहिला. दुसरा गोळा छातीत बसला. कोण कुठला पोर्तुगालचा पोरगा, कोण कुठला इजिप्तचा अमीर, आणि मध्ये आमच्या कोळ्यांचे खांब!

तर ही झाली ख्रिश्चन-मुसलमान लढाई. आता जरा जवळ जाऊ या.

ममलूकांचं आरमार इथवर आलं कशाला? मिरीसाठी. पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून माल थेट लिस्बनला नेऊ लागले, तसा तांबड्या समुद्रातून कैरोला जाणारा व्यापार बसला. कैरोइतकाच जीव आणखी एका शहराचा टांगणीला लागला होता, ते म्हणजे व्हेनिस. कॅथलिक व्हेनिस. युरोपात मिरी विकून गब्बर झालेल्या व्हेनिसने सुलतानाकडे वकील पाठवला, की या पोर्तुगीजांचा काही बंदोबस्त करा. ख्रिश्चनांविरुद्ध उठा असं मुसलमान सुलतानाला ख्रिश्चन राज्य सांगत होतं. आणि हाच मलिक अयाझ, ज्याने लोरेन्सुला संपवलं, त्याने पकडलेल्या पोर्तुगीजांना नीट वागवलं आणि मेलेल्या मुलाच्या शौर्याची तारीफ करणारं पत्र बापाला धाडलं. दीवच्या बंदराची त्याला काळजी होती. उद्या याच बापाशी गाठ आहे हे तो ओळखून होता.

गाठ पडलीच. पण त्याआधी दाभोळ.

यावर मी थोडं थांबणार आहे, कारण फॉरवर्डला उत्तर देताना आपल्यातले बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. "अहो, तेव्हा सगळे गुण्यागोविंदाने राहायचे, धर्म नावालाच होता." नव्हता. 30 डिसेंबर 1508 रोजी लोरेन्सुचा बाप, व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा, विजापूरकरांच्या दाभोळ बंदरावर उतरला आणि त्याच्या माणसांनी गाव कापून काढलं. बाया, पोरं, कोणी सुटलं नाही. मग जाळलं. लोरेन्सुला मारणाऱ्यांत दाभोळचं कोणी नव्हतं. वाटेत सापडलं, एवढाच दाभोळचा गुन्हा. पुढच्या फेब्रुवारीत दीवला त्याने ममलूक आरमाराचा निकाल लावला. 1510 मध्ये त्याच्यानंतरचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याने गोवा घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची कत्तल झाली, आणि त्या मोहिमेत त्याला वाट दाखवणारा तिमोजा हिंदू होता. भाच्या, तुझ्या "आपण"चा एक तुकडा तिथेही आहे.

धर्माचा द्वेष खरा होता. क्रूसाचं निशाण आणि जिहादची भाषा दोन्ही खरी होती. माझं म्हणणं एवढंच आहे की कोण कोणाशी लढेल हे त्या द्वेषावरून ठरत नव्हतं.

रेवदंड्याला लागून असलेल्या चौलचंच बघा. 1521 च्या सुमारास रेवदंड्याला पोर्तुगीजांना कोट बांधायची परवानगी कोणी दिली? अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने. त्याला घोडे हवे होते. होर्मुझवरून येणारे अरबी घोडे ज्याच्या बंदरात उतरतील त्याचं घोडदळ मोठं, आणि समुद्राच्या किल्ल्या पोर्तुगीजांकडे. पन्नास वर्षांनी त्याच घराण्यातल्या मुर्तझा निजामशहाने त्याच कोटाला वेढा घातला. त्या वेळी अली आदिलशहा गोव्यावर आणि कालिकतचा राजा सामुद्री पोर्तुगीजांच्या चालियमच्या किल्ल्यावर चालून गेला. दोन सुलतान आणि एक हिंदू राजा, एका बाजूला. पाच-सहा वर्षांपूर्वी हीच दोन सुलतानी घराणी विजयनगर बुडवून बसली होती.

चौल पडलं नाही. इतिहासकार फिरिश्ता, जो स्वतः निजामशाही दरबारात वाढला, त्याचं कारण सांगतो ते मला कुठल्याही नकाशापेक्षा जास्त शिकवतं: निजामशहाचे सरदार फिरंग्यांनी नजराणे देऊन, विशेषतः दारू देऊन फोडले, आणि रात्री कोटात रसद जात राहिली. 1571 मध्ये तह झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भूमध्य समुद्रात लेपांटोची लढाई झाली, जिचे बाण फॉरवर्डमध्ये सगळ्यात जाड होते. तिथे ख्रिश्चन आरमारासमोर ऑस्मानी तुर्कांचं आरमार बुडत होतं आणि इथे तह होऊन चौलचा व्यापार पुन्हा सुरू होत होता.

आणखी एक गोष्ट, हिचं मला फार वाटतं. त्या काळी समुद्रात निघणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांचा परवाना लागे, कार्ताझ. नसला तर जहाज जप्त. हजला जाणारी जहाजंही त्यातून सुटली नव्हती. त्या परवान्यावर मेरी आणि येशूची चित्रं असत. अकबराच्या दरबारातल्या एका बड्या मुल्लाने फतवा काढला, की खुश्कीच्या वाटेत शियांचा इराण आणि जलमार्गाला हा मूर्तीचा कागद, तेव्हा हज करण्याची सक्ती राहिलेली नाही. तरी जहाजं जात राहिली. डोळ्यांसमोर आणा: सुरतेच्या धक्क्यावर एक म्हातारा, आयुष्यभराची पुंजी कमरेला बांधलेली, मक्केला निघालेला, आणि नाखुद्याच्या पेटीत मेरीचं चित्र. ते अपमानाचं होतं. पण त्याशिवाय काबा दिसणार नव्हता.

गार्सिया द ऑर्ताचं नाव किती जणांना ठाऊक आहे? पोर्तुगालहून 1534 मध्ये गोव्याला आलेला वैद्य. बुऱ्हाण निजामशहाकडे अहमदनगरला औषधोपचाराला जायचा. तिथल्या हकिमांशी औषधांवरून वाद घालायचा. तो लिहितो की सुलतानाने आपल्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली आणि आपण त्याला लॅटिन. नगरच्या महालात एक शिया सुलतान आणि एक पोर्तुगीज डॉक्टर एकमेकांची उजळणी घेताहेत! हळद, हिंग, आंबा, सगळ्यावर लिहिलेलं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. ऑर्ता जन्माने बाटवलेल्या ज्यू घराण्यातला. सुलतानाने त्याला मान दिला. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. त्याच्याच राजाच्या, त्याच्याच चर्चच्या माणसांनी.

हे वाचल्यावर मला हिरवा-निळा नकाशा बघवत नाही.

आपल्या भाषेतही हे सगळं मुरलेलं आहे. "फिरंगी" हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला नाही. क्रूसाच्या लढाया लढणाऱ्या फ्रँक लोकांना अरब जे म्हणायचे, तेच फारसीतून फिरत मराठीत आलं. म्हणजे ख्रिश्चनांना ओळखायला आपण शिकलो ते मुसलमानांच्या शब्दाने. मग युरोपी पात्याच्या तलवारीला आपण "फिरंग" म्हणू लागलो आणि ती मराठ्यांच्या कमरेला आली.

खाडीपलीकडे कोर्लई गावात आजही काहीशे घरची माणसं पोर्तुगीजातून तयार झालेली बोली बोलतात, नोलिंग. म्हणजे आपली भाषा. डोंगरावरच्या ज्या किल्ल्याच्या सावलीत ती टिकली, त्या जागी निजामशाहीने तटबंदी घातली होती, 1594 मध्ये पोर्तुगीजांनी ती घेतली, 1740 मध्ये मराठ्यांकडे आली. तिन्ही राज्यं गेली. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या एका मावशींनी मला बोंबील देताना भाव नोलिंगमध्ये सांगितला, मला कळला नाही, मग हसून मराठीत सांगितला.

भाच्या, पुढच्या सुट्टीत रेवदंड्याला ये. शाळेच्या आवारात एक स्मारक आहे, अफानासी निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याचं. पोर्तुगीजांच्याही तीसेक वर्षं आधी तो एक घोडा घेऊन चौलला उतरला. लिहितो, की गोरा माणूस बघायला लोक मागे मागे येतात. जुन्नरला असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडाही देतो, हजार मोहराही देतो. चार दिवसांची मुदत. निकितिन रडकुंडीला आला. मग एका खुरासानी मुसलमानाने, ख्वाजा मुहम्मदने, खानाकडे जाऊन रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. धर्म न बदलता.

निकितिनला ईस्टर कधी येतो याचा हिशेब राहिला नाही, तेव्हा तो मुसलमानांबरोबर उपास धरू लागला. घरी परतताना, स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वाटेत वारला. वही मात्र पोचली. तिच्या शेवटच्या पानावर एका रशियन ख्रिश्चनाने केलेली प्रार्थना आहे, आणि ती अरबीत आहे.