'सोनं नाही, खडे बारीक, पैसे भरमसाट': दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. तारे किती द्यायचे हा तुमचा हक्क, त्याबद्दल बोलत नाही. पण 'जुनं म्हणून काहीही खपवतात' हे सगळ्यांसमोर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सगळ्यांसमोर देतो. आईसाठी घेतलेला गार्नेट या लाल रत्नाचा ब्रोच तुमच्या नेहमीच्या सराफांनी पाहिला. त्यांच्या मते सोनं नाही, नुसता मुलामा आहे. खडे बहुधा काचेचे. मधला खडा मागाहून बदललेला. शिवाय दागिना काळपट दिसतो, आणि गार्नेट जयपूरला किलोनं मिळतो, मग एवढे पैसे कशाचे, असं तुम्ही विचारलंय.

सोनं नाही, हे बरोबर. बिलावरही 'टोंबॅक, वर सोन्याचा मुलामा' असंच लिहिलंय. टोंबॅक म्हणजे तांबं भरपूर आणि जस्त थोडं असा मिश्रधातू. हा ब्रोच बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला, 19व्या शतकाच्या शेवटच्या काळातला. तिथे गार्नेटचे दागिने अशाच धातूत घडवायचे, नाहीतर मुलामा दिलेल्या चांदीत किंवा कमी कॅरटच्या सोन्यात. खडे इतके दाटीनं बसवलेले की वरून धातू जवळजवळ दिसतच नाही. अडीनडीला मोडायचा म्हणून तो कुणी घडवलाच नव्हता. त्यावर 916 हा सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का शोधलंत तर निराशाच होणार.

आता काच. सराफांचा संशय अगदीच हवेतला नाही, हे आधी सांगतो. या धंद्याचं मुख्य गाव तुर्नोव्ह. त्याच गावात 18व्या शतकात रत्नांची नक्कल करणारी रंगीत काचही बनायची, आणि जवळचं याब्लोनेत्स तर काचेच्या दागिन्यांसाठीच ओळखलं जातं. त्यामुळे जुना बोहेमियन म्हणून काच गळ्यात पडू शकते. पण हिऱ्याच्या टेस्टरनं किंवा नुसत्या डोळ्यांनी हा निकाल लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खड्यांच्या कडा बघा. खनिजांच्या 1 ते 10 या मोहस् मापनावर गार्नेटची कठिणता 7च्या आसपास, काचेची साडेपाच. शंभरेक वर्षं वापरलेल्या काचेच्या पैलूंच्या कडा बोथट होतात, त्यावर ओरखडे दिसतात, आत बऱ्याचदा हवेचे गोल बुडबुडे सापडतात. या ब्रोचमधले खडे रोझ कटचे, म्हणजे खालून सपाट आणि वरून पैलूदार घुमटासारखे आहेत आणि कडा अजून धारदार आहेत. वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो, तो मोजला तर बोहेमियन गार्नेटचा 1.74च्या आसपास येतो, नेहमीच्या काचेचा त्याहून बराच कमी.

मधल्या खड्याबद्दल मात्र सराफांच्या नजरेला दाद देतो. तो वेगळा आहेच! बाकीचे खडे पायरोप जातीचे, आगीसारखे लाल. तो लाल रंग मुख्यतः क्रोमियममुळे येतो. मधला आल्मंडाइन, ही गार्नेटचीच दुसरी जात, त्यात लोह जास्त, म्हणून जांभळट झाक. पण तो मागाहून बसवलेला नाही. बोहेमियाचा पायरोप मुळात बारीक. पोडसेडित्सेच्या आसपासच्या खडकाळ मातीत सापडतो तो दोन-चार मिलिमीटरचा, आठ मिलिमीटरचा मिळाला तर चर्चा व्हावी. मध्यभागी मोठा खडा हवा असेल तर कारागीर आल्मंडाइन आणून लावायचे, ही त्या काळची रूढ पद्धत. मधला मोठा खडाही हुबेहूब बाकीच्यांसारखाच असता तर उलट मीच आधी भिंग काढलं असतं.

बारीक खड्यांची ही एवढी मिजास कशासाठी, असं वाटेल. 1762 साली बोहेमियाची तेव्हाची राणी मारिया तेरेसानं कच्चे गार्नेट देशाबाहेर न्यायला बंदी घातली, पैलू पाडायचं काम आपल्याच कारागिरांकडे राहावं म्हणून. 1884मध्ये तुर्नोव्हला या कामाची शाळाच निघाली. तुमच्या ब्रोचची मागची बाजू बघा. वरची चांदणी एका पत्र्यावर, खालचं वर्तुळ दुसऱ्यावर, आणि दोन्ही बारीक रिवेटनी जोडलेले. प्रत्येक खड्यासाठी वेगळं छिद्र, कडेला धातूचे इवलेसे दाणे त्याला दाबून धरतात. पिन ब्रोचच्या कडेबाहेर जरा डोकावते आणि साध्या आकड्यात अडकते, तिला कुलूप नाही. वय आम्ही यावरून ठरवतो, दुकानदाराच्या तोंडी गोष्टीवरून नाही.

जयपूरला किलोनं मिळतो, हेही खरं. राजस्थानात आल्मंडाइन उदंड, आणि तो आजचा नाही. इंग्लंडमध्ये सटन हू इथे 1939 साली सातव्या शतकातल्या राजाचं मानलं जाणारं थडगं उघडलं, तिथे सोन्याच्या चौकटीत पातळ गार्नेट बसवलेले दागिने निघाले. त्या काळच्या युरोपातल्या अनेक गार्नेटचा माग तपासणीत भारत आणि श्रीलंकेपर्यंत लागलाय. म्हणजे आपला 'किलोवाला' खडा तेव्हा राजेलोक मिरवत होते. पण बोहेमियन पायरोप वेगळा, आणि तुम्ही पैसे खड्याच्या वजनाचे दिलेलेच नाहीत. जुनी पैठणी जरीच्या भावानं मागणारे असतातच, त्यांना कोण काय सांगणार?

काळपट दिसतो, तर पांढऱ्या ट्यूबलाइटखाली दिसणारच. हे दागिने मेणबत्ती आणि गॅसच्या दिव्यात मिरवायचे होते. पिवळ्या बल्बखाली किंवा संध्याकाळच्या उन्हात धरून बघा, मग ठरवा.

एक विनंती मात्र मनापासून. सराफांनी नवी पिन डाखायचं आणि पॉलिश करून द्यायचं सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंत. कृपा करून करू देऊ नका. डाखाच्या उष्णतेनं मुलामा काळा पडेल, खडे तडकतील, आणि पॉलिशमध्ये उरलासुरला मुलामा जाईल. रिठ्याच्या पाण्यात भिजत घालणंही नको. किंचित ओलसर मऊ ब्रशनं पुसा, लगेच कोरडं करा.

परताव्याबद्दल: ब्रोच होता तसा असेल तर बिलावरच्या अटीप्रमाणे परत घेऊ. त्याआधी हवं असेल तर तुम्ही निवडाल त्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत तपासून घेऊ, खर्च आमचा. एकही खडा काचेचा निघाला तर पूर्ण पैसे परत, आणि तो अहवाल याच जागी टाकू. कुरिअरनं पाठवू नका, पिन वाकते. दुकानात घेऊन या, सोमवारी बंद असतं. सराफांनाही आणलंत तर उत्तम, भिंगाखाली बरोबरच बघू.